सत्तावीस सह्या

हर्णे बंदरावर एक कायदा आहे. तो कुठल्या कागदावर नाही, आणि नाही म्हणूनच आजवर कुणी मोडलेला नाही. लिलावात "दिला" म्हटलं की माल गेला. मग घेणाऱ्याने टोपली उलटी करून खालची मासळी बघायची नाही. बघितली तर ते देणाऱ्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं होतं, आणि असल्या माणसाला दुसऱ्या दिवशी बंदरावर कुणी उभं करत नाही.

रुपाली पावसे या कायद्यात वाढली. नवरा सदू होडीवर तांडेल, खलाशांचा म्होरक्या. तो मासळी आणायचा, ही संध्याकाळी वाळूवर उभी राहून लिलाव पुकारायची. वीस वर्षं. आवाज असा की बर्फाच्या गाड्या, कावळे, भरती, सगळ्यांच्या वरून तो पार मागच्या व्यापाऱ्याच्या कानात जाऊन बसायचा. शिक्षण सातवी. वाचता येतं, लिहिता येतं, सही तर अशी झोकदार करते की बँकेतली माणसं बघत राहतात. आणि तरीही या बाईने एका कागदावर न वाचता सही केली. मूर्ख म्हणून नव्हे हो! समोरच्याने तोंडाने शब्द दिला होता, म्हणून. शब्द मिळाल्यावर कागद वाचत बसणं तिला टोपली उलटी केल्यासारखं वाटलं. एवढ्या सभ्यपणापायी पोरीचं वर्ष बुडायला निघालं, आणि बुडवणारा माणूस तिला 'ताई' म्हणत होता.

त्याचं नाव गुरुप्रसाद सर. रत्नागिरीत त्यांची 'महाझेप अकॅडमी'. शहरात शिरताना पहिला बॅनर त्यांचा, एसटी स्टँडच्या बाहेर दुसरा, आणि दोन्हींवर पोरांचे फोटो, कपाळावर मार्क छापलेले. बारावीनंतर डॉक्टरकीला जायचं तर नीटची परीक्षा द्यावी लागते, आणि नीट द्यायची तर महाझेपला जावं लागतं, असं हळूहळू सगळ्या जिल्ह्याला वाटायला लागलं होतं. बॅनरवर मोठ्या अक्षरांत 'शंभरपैकी अठ्ठ्याण्णव पात्र' आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'परीक्षेस बसलेल्यांपैकी'. ती मुंगी कुणी वाचत नाही. मुंगी चावते तेव्हा कळतं.

रुपालीची लेक दिशा. तिला मोठी डॉक्टर वगैरे व्हायचं नव्हतं. चार वर्षांपूर्वी जाळं ओढताना सदूचा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना. दापोलीच्या एका फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी तीन महिने व्यायाम करून घेतला आणि एक दिवस सदूने हात वर करून स्वतःच्या डोक्याला तेल लावलं. दिशा तेव्हा त्याच्यासोबत जायची. त्या दिवशी तिने ठरवलं, मला हे शिकायचंय. बंदरावर एकाचा खांदा धड नाही, एकाची कंबर धड नाही, गिऱ्हाइकं थोडीच शोधावी लागणार होती! पण त्यालाही नीटच द्यावी लागते.

"फिजिओ?" सर पहिल्या दिवशी हसले होते. "ताई, झेप घ्यायची तर गरुडाची घ्यावी. आपण एमबीबीएसच धरायचं."

पोरीला विचारतंय कोण!

दिशा वसतिगृहात राहायला गेली. दर रविवारी चाचणी, दर सोमवारी नंबर. नंबराप्रमाणे बाक. वरच्या चाळीसांची 'गरुड' बॅच, एसी हॉल, सर स्वतः शिकवणार. मधल्यांची 'ससाणा'. उरलेल्यांना नावच नाही, नुसती 'सी'. सी बॅच मागच्या पत्र्याच्या खोलीत. तिथे एक पंखा, तोही आजारी, आणि शिकवायला गेल्या वर्षी नीट नापास झालेला एक मुलगा. दिशा आधी ससाण्यात होती. दिवाळीनंतर ताप येऊन दोन चाचण्या बुडाल्या आणि ती सीमध्ये आली. तिथे तिला संस्कृती भेटली. संगमेश्वराच्या वरच्या अंगाला डोंगरातलं गाव, बाप धोंडू शितप भातशेती करणारा, आणि पोरगी अशी हुशार की जीवशास्त्राचं पुस्तक पान नंबरासकट पाठ. फक्त भौतिकशास्त्रातली गणितं अडायची. संस्कृतीने दिशाला जीवशास्त्र शिकवायचं, दिशाने तिला भौतिकशास्त्र. दोघींनी मिळून पत्र्याखाली जो अभ्यास केला, तो कुठल्या बोर्डावर लागला नाही.

मार्चच्या शेवटी सरांनी सी बॅचच्या पालकांना एकेक करून बोलावलं. रुपाली सुकटाची चटणी आणि आंबोळ्या घेऊन गेली होती. सरांनी एक छापील कागद पुढे सरकवला.

"पालकांचं संमतीपत्र आहे ताई. सगळ्यांचंच घेतोय."

"सर, परीक्षा होणार ना हिची? फारम भरलाय ना?"

"फॉर्म आम्हीच भरलाय. परीक्षा होणार म्हणजे होणारच. माझा शब्द."

झालं. शब्द म्हटल्यावर रुपालीने पेन उचललं. झोकदार सही केली, चटणीची बरणी बाहेर उभ्या दिशाच्या हाती देऊन तिच्या केसांवरून हात फिरवला आणि दुपारची गाडी पकडली. दिशा त्या दिवशी आईकडे बघत नव्हती. रुपालीला वाटलं, अभ्यासाचा ताण.

नीट मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी होती. गुरुवारी दुपारी दिशा अचानक घरी आली. पाठीवर सगळी बॅग, उशीसुद्धा. काही न बोलता खळ्यात जाऊन वाळत घातलेले बोंबील काढायला लागली.

"तीन दिवसांवर परीक्षा आली नि तू इकडे कशी गो?" रुपालीने विचारलं. "दीराचा भावेश सांगत होता, त्याचं हॉल तिकीट आलं. तुजं कुठाय?"

दिशाच्या हातातला बोंबील मोडला. "आई, पुरे आता. तूच तर सही केलीस."

"कसली सही?"

"मी परीक्षेला बसू नये म्हणून. तू यायच्या आधीच सर म्हणाले, तुझी आईच लिहून देतेय, तुझं होणार नाही हे तिला कळतं, तू का हट्ट करतेस. महिनाभर मी तुझ्यावर चिडून होते. मग म्हटलं, जाऊ दे. आईला तरी खरं कळतंय."

रुपालीला ते दोनदा ऐकावं लागलं. वर्ष जाणार ते जाणारच होतं, पण महिनाभर आपली लेक असं समजून झोपत होती की आईने आपल्यावर काट मारली! "आयशीचा घो त्या मास्तराच्या!" एवढंच ती म्हणाली, आणि ते शेजारच्या तीन घरांना ऐकू गेलं.

भावेशने मोबाईलवर खटपट करून बघितली. हॉल तिकीट काढायचं तर फॉर्मचा नंबर हवा. नंबर दिशाला माहीत नाही. तो परत मिळवायचा तर मोबाईलवर ओटीपी येणार, आणि फॉर्ममध्ये मोबाईल लिहिलेला क्लासचा. ईमेल क्लासचा. पासवर्ड क्लासचा. पोरगी तेवढी पावशांची, बाकी सगळं महाझेपचं. आता बोला!

सदू समुद्रात होता, त्याला कळवायची सोय नव्हती. शुक्रवारी पहाटेच्या एसटीने मायलेकी निघाल्या. दापोली, खेड, चिपळूण करत रत्नागिरीत उतरायला बारा वाजले. रुपालीची नणंद गंगा मिरकरवाड्यात राहते, तिच्याकडे पिशव्या टाकल्या आणि दोघी थेट महाझेपच्या ऑफिसात.

काउंटरवर दीपक नावाचा क्लार्क होता. बरा मुलगा, पण पगार खाणारा. "मावशी, सर्व्हर डाऊन आहे," तो म्हणाला. तासाभराने म्हणाला, सर मीटिंगमध्ये आहेत. आणखी तासाने म्हणाला, सर जेवायला गेलेत. बाहेर अंगणात मांडव घालून नवीन पालकांची गर्दी जमत होती. दहावीची परीक्षा नुकती झाली होती ना, पुढच्या दोन वर्षांची पोरं गोळा करायचा मोसम. तीन वाजता सरांनी एकदाचं आत बोलावलं.

"ताई, अहो किती उन्हातून आलात," सर म्हणाले. मग खणातून फाईल काढून तो कागद टेबलावर ठेवला, अगदी हळुवार. "ही सही तुमचीच ना?"

रुपालीने सही बघितली. झोकदार होती.

"तुमी शब्द दिला होता, परीक्षा होणार म्हणून."

"होणारच आहे की. पुढच्या वर्षी." सर हसले. "ताई, मी तिच्या भल्याचंच बघतोय. हिचे चाचणीतले मार्क बघा. या मार्कांत एमबीबीएस नाही. मग अपयशाचा शिक्का कशाला? रिपीटर बॅचला बसू दे."

"तिला फिजिओ करायचंय. त्याला एवढे मार्क कशास लागतात?"

"फिजिओ आमच्या निकालात धरत नाहीत हो," सर बोलून गेले, आणि बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी लगेच पाण्याचा ग्लास उचलला. "शिवाय तुमच्यासारख्या घरांतल्या मुलींवर आधीच किती ताण असतो. समजून घ्या."

तुमच्यासारख्या घरांतल्या! म्हणजे मासळीच्या वासाच्या, असंच ना? वर्षाची फी घेताना वास आला नव्हता वाटतं.

रुपालीने टेबलावरचा कागद उचलला आणि चालू लागली. "ताई, तो ऑफिसचा कागद आहे! दीपक, अरे दीपक!" सर मागून ओरडत आले. दीपकला बहुधा नेमकं तेव्हाच कमी ऐकू आलं. रुपाली अंगणात आली, मांडवाच्या मधोमध उभी राहिली. खुर्च्यांवर दीड-दोनशे आईबाप, शेजारी नव्या कोऱ्या पेनांसारखी त्यांची पोरं. पडद्यावर 'अठ्ठ्याण्णव टक्के' झळकत होतं. माईक सरांच्या खुर्चीजवळ होता, पण रुपालीला माईकची काय गरज?

"बोलाऽऽ, बोला!"

पहिल्या रांगेतला एक माणूस खुर्चीतून उडालाच.

"मी हर्णेची रुपाली पावसे. लिलाव पुकारते. आज एक कागद पुकारणार हाय. माजीच सही हाय, पण मी तो वाचला नव्हता. तुमी पण ऐका, मी पण ऐकते."

आणि ती वाचायला लागली. सातवीतल्या पोरीसारखं एकेक शब्द धरून, पण बंदरावरच्या आवाजात.

"'मी, खाली सही करणार पालक, लिहून देते की माझी पाल्य कुमारी दिशा ही अभ्यासात कच्ची व मनाने कमकुवत असून...'" इथे ती थांबली. मांडवाच्या कडेला दिशा उभी होती. रुपालीने तिच्याकडे बघितलं आणि पुढचं तिच्याकडे बघतच वाचलं. "'...मनाने कमकुवत असून, माझ्या स्वखुशीने ती यंदा परीक्षेस बसणार नाही. याबाबत अकॅडमीस जबाबदार धरणार नाही.' दिशा, आईशपथ सांगते, ह्यातला एक शब्द माजा नाय. सही माजी, शब्द ह्या माणसाचे."

"ताई, हा काय तमाशा?" सरांनी माईक घेतला. "पालकहो, या ताई जरा भावनेच्या भरात आहेत."

"भावना नाय सर, भाव! तुमी भाव लावलात पोरांना. गरुड एका टोपलीत, ससाणा दुसऱ्या टोपलीत, आणि बारीक मासळी मागच्या पत्र्याखाली. बोर्डावर लावायला गरुड, आणि बाकीच्यांचा चुरा. आमी पण निवडतो मासळी, लहान-मोठी करतो. पण ती मेलेली असते सर. आमी मेलेल्या माशांचा लिलाव करतो, तुमी जित्या पोरांचा करता!"

मागच्या बाजूला एक खुर्ची सरकली. चिपळूणचा सखाराम, टेम्पो चालवणारा, पोराला रिपीटर बॅचमध्ये घालायला आला होता. हातातल्या पिशवीतून त्याने घडी केलेला कागद काढला. "माझी पण सही घेतली ह्यांनी," तो म्हणाला. "मला म्हणाले, पोरगा स्वतःच नको म्हणतोय. पोराला सांगितलं, बाप नको म्हणतोय." आणि तो एवढा मोठा गडी हुंदका आवरायला तोंडावर रुमाल धरून उभा राहिला.

मग मात्र मांडव उठला. कुणी विचारतंय, अशा किती सह्या? कुणी म्हणतंय, अठ्ठ्याण्णव टक्के म्हणजे कितीतले? एक बाई तर आपल्या मुलाचा दंड धरून सरळ फाटकाकडे निघाली. गुरुप्रसाद सरांनी जिल्ह्यातल्या पोरांना दोन वर्षं टक्केवारी शिकवली होती, पण आपली टक्केवारी अशी डोळ्यांदेखत फाटकातून बाहेर जाताना त्यांनी प्रथमच बघितली.

"किती सह्या?" रुपालीने पुकारलं. "एक वार!"

सरांनी माईक खुर्चीवर ठेवला.

"दोन वार!"

"सत्तावीस," दीपक दारातून म्हणाला. त्याला पुढच्या महिन्यात ही नोकरी राहिली नाही, पण त्या दिवशी तो बोलला.

पुढचं सगळं पंधरा मिनिटांत झालं. मघापासून डाऊन असलेला सर्व्हर एका फटक्यात अप झाला. प्रिंटर घरघरला. सरांनी दिशाचं हॉल तिकीट स्वतःच्या हाताने आणून दिलं. "घ्या ताई. काही गैरसमज झाला असेल तर..."

"थांबा," रुपाली म्हणाली. "वाचू दे."

आणि तिने ते वाचलं. त्यांना समोर उभं ठेवून. नाव, बापाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, रोल नंबर, केंद्राचा पत्ता, मग मागची बाजू, सूचना पहिली, सूचना दुसरी, पेन आणू नये, घड्याळ घालू नये, दुपारी दीडला फाटक बंद. वीस वर्षांत तिने कुणाची टोपली उलटी केली नव्हती. आज गुरुप्रसाद सरांची केली, सावकाश, तळापर्यंत. सर रुमालाने मान पुसत उभे राहिले.

"आता बाकीचे सव्वीस," ती म्हणाली.

"त्यांचे पालक आलेले नाहीत."

"ते आले नाय कारण त्यांना ठाऊक नाय. काढा."

सव्वीस निघाली. सखारामने त्याच्या पोराचं छातीशी धरलं आणि धावतच टेम्पोकडे गेला. उरलेल्या पंचवीस जणांना दिशा आणि दीपक आलटून पालटून फोन करत बसले. अशा वेळी कळतं, जिल्हा किती मोठा आहे. कुणी आंब्याच्या बागेत पेट्या भरत होतं, कुणी आजोळी गेलेलं, एकीने तर पुस्तकं रद्दीत घातली होती. पण एकेक करून लागले. कुणी रडलं, कुणी शिव्या घातल्या, एका आईने दिशालाच विचारलं, "खरंच ना गो बाळा? परत फसवत नाय ना?" शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चोवीस पोरांना निरोप पोचला.

राहिली एक. संस्कृती.

तिचा फोन बंद. बापाचा धोंडूचा फोन कव्हरेजच्या बाहेर. त्या गावात देवळाच्या टेकडीवर चढलं तरच रेंज मिळते. शनिवारी सकाळी रुपालीने ओळखीत ओळख काढून त्या बाजूच्या दूधवाल्याला गाठलं, त्याने टेकडीखालच्या दुकानदाराला सांगितलं, आणि दुपारी चारला धोंडूचा फोन आला. दम लागलेला.

"सही केली ना मी," तो म्हणाला. "सर बोलले, पोरीचं डोकं नाय चालत. म्हटलं, मग उगाच कशाला बसवून ठेवायची. तिला वसईला धाडली मामाकडं. गोळ्यांची पाकिटं भरायच्या कंपनीत लागली. स्थळ पण बघतोय." मग त्याने हळू आवाजात विचारलं, "बाय, तिचं डोकं चालतं का गो?"

"पान नंबरासकट चालतं," रुपाली म्हणाली.

संस्कृतीला निरोप मिळाला तेव्हा तिची कंपनीतली पाळी संपून रात्रीचे नऊ वाजले होते. सुट्टीचे दिवस, गाड्या माणसांनी ओसंडलेल्या. डब्याच्या दारातही उभं राहता आलं नाही. मामाने बसमध्ये ड्रायव्हरच्या बाजूला कशीबशी जागा मिळवून दिली. सकाळी सातला तिचा फोन आला, रस्त्यात टँकर आडवा झालाय. दहाला आला, अजून हलत नाही. साडेअकराला आला, चिपळूण सोडलं. रुपाली परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर संस्कृतीचं हॉल तिकीट घेऊन उभी होती. दिशाने आत जाण्यापूर्वी कानातले काढून तिच्या हातात दिले आणि एकदम तिला मिठी मारली.

"मी आत गेल्यावर पण तू इथंच थांब हां, ती येईपर्यंत," दिशा म्हणाली.

"अगो, हलते कुठं! जा तू. आणि प्रश्न नीट वाच."

एक वाजला. सव्वा वाजला. रुपालीने वॉचमनला सांगितलं, पोरगी येतेय, शहराबाहेर हातखंब्याला पोचली. वॉचमन भला होता, पण फाटक त्याच्या हातात नव्हतं. दीडला आतून शिट्टी वाजली आणि साखळी पडली. रुपालीने पुकारलं, हात जोडले, शब्द टाकला, सगळं केलं. आतले साहेब म्हणाले, नियम आहे. आणि त्यांचं तरी काय चुकलं? दीड म्हणजे दीड. नियम सगळ्यांना सारखा असतो, फक्त फाटकापर्यंतचा रस्ता सारखा नसतो.

एक बेचाळीसला रिक्षा आली. संस्कृती रिक्षा थांबायच्या आधीच उतरली आणि धावली, पायांत अजून कंपनीतल्या निळ्या रबरी चपला. बंद फाटकाला दोन्ही हात लावून उभी राहिली. तिने ते हलवूनही बघितलं नाही. मग वळली, रुपालीला ओळखलं, आणि हसायचा प्रयत्न केला.

"राहू दे काकी. तसंही माझं होणार नव्हतं. सर म्हणालेच होते."

एवढं ऐकलं आणि रुपालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. एक वर्ष घेतलंत, घ्या! पण पोरीच्या तोंडात स्वतःविरुद्धचं वाक्य भरून ठेवायचा अधिकार कुणी दिला तुम्हाला? दुपारच्या उन्हात, बंद फाटकासमोर, ती ते वाक्य नम्रपणे म्हणत होती, वर्गात बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं तशी.

रुपालीने हॉल तिकीट तिच्या हातात दिलं. "वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं वाच. ह्यापुढं कोण काय म्हणालं ते नाय ऐकायचं. कागदावर काय हाय ते वाचायचं."

संस्कृतीने वाचलं. "उमेदवाराचं नाव, संस्कृती धोंडू शितप. रोल नंबर..." रोल नंबर वाचताना ती अडखळली, मग सावरली. केंद्राचा पत्ता वाचला, आणि वर मान करून फाटकावरची पाटी बघितली. तीच होती. "प्रवेश बंद, दुपारी एक तीस," तिने वाचलं, आणि पुढे वाचवेना.

"ह्यात कुठं लिवलंय, की तुजं होणार नाय?"

संस्कृतीने कागद उलटा करून मागची बाजूही बघितली. प्रत्येक सूचना बघितली. मग मान हलवली. नाही. कुठेच नाही. आणि मग ती रडली, तोंड न झाकता, मोठ्याने, रस्त्यावरची माणसं थांबून बघतील अशी.

रुपालीने तिला रडू दिलं. रडून झाल्यावर पदराने तिचं तोंड पुसलं आणि तिचा हात धरला. दिशा पाचला बाहेर यायची होती. महाझेपच्या मांडवात रविवारी दुपारी तीनला नव्या पालकांची दुसरी सभा होती. बॅनरवरच लिहिलं होतं, आणि आता रुपाली बॅनरवरची मुंगीएवढी अक्षरंही वाचत होती.

"काकी, कुठं?" संस्कृतीने विचारलं.

"चल. आज हा कागद तू पुकारायचास. आवाज कमी पडला तर मी हाय."